एका वेळी एकच कान

देवाच्या वाती आणि घोड्यांच्या कानातले बोळे मी एकाच कापसाचे वळते. वात लांब, बोळा आखूड आणि पोटात जाड, एवढाच फरक. बोळा खोबरेल तेलात बुडवून पिळायचा, त्याला लाल दोरा बांधायचा आणि दोऱ्याचं टोक कानाबाहेर राहील अशा बेतानं तो आत बसवायचा. वर जरीची कानटोपी आली की कुणाला पत्ता लागत नाही. वरातीत कानठळ्या बसवणाऱ्या बँडपुढे घोडी शांत उभी राहते आणि लोक म्हणतात, काय गुणी जनावर आहे. जनावराला फारसं काही ऐकूच येत नसतं.

माझं नाव विनिता. वालीवला स्टीलची भांडी बनवणाऱ्या एका कारखान्यात मी माल तपासायचं काम करते. पॉवर प्रेसच्या शेजारी इतकी वर्षं उभी राहून माझे कान निम्मे गेले आहेत. माणसाचं बोलणं कळतं, रस्त्यावरचा हॉर्न कळतो, पण बारीक आवाज येत नाहीत. डास कानाशी गुणगुणतो हे मला आता फक्त आठवणीनं माहीत आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे घडलं त्यातलं मी कानानं काहीही ऐकलेलं नाही. जे पाहिलं तेच सांगणार आहे.

घोडे सदानंदचे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे. समोर मी त्याला 'अहो' म्हणते, पण सांगताना नाव घेतलेलं बरं, नाहीतर सगळी गोष्ट 'हे' आणि 'ह्यांनी' करण्यातच जायची. त्याच्या आजोबांचा वसई स्टेशनवर टांगा होता. रिक्षा आल्या, टांगे गेले, वडिलांनी बग्गी केली, सदानंदनं वरातीची घोडी घेतली. बोळिंजला टॉवरांच्या मागे आमच्या दोन खोल्या आहेत आणि शेजारी पत्र्याचा तबेला. टॉवरवाल्यांना लिदीचा वास येतो म्हणून तक्रारी होतात, आणि त्यांच्याच मुलाचं लग्न ठरलं की आमच्या चांदणीला बोलावणं येतं.

आम्हाला मूल नाही. बहिणी विचारायच्या, तुला एकटं नाही का गं वाटत? एकटं वाटायला सदानंद जागा ठेवेल तर ना! बोलका, भांडकुदळ, आंघोळ करताना गाणारा, जेवताना घोड्यांच्या नकला करून दाखवणारा माणूस. घास तोंडात असताना तो तुफानसारखं फुरफुरायचा आणि डाळ माझ्या ताटात उडायची. मी चिडायचे. मला त्याच्याशिवाय कुणी नव्हतं आणि त्याच्याशिवाय कुणी नकोही होतं.

चांदणी पांढरी, वरातीची. तुफान आणि बादल ही बग्गीची जोडी. तुफान हे नाव त्याला कुणी ठेवलं देव जाणे, कारण त्याच्याइतकं गरीब जनावर अख्ख्या वसई तालुक्यात नसेल. लाल सिग्नल लागला की हा आपणहून थांबायचा आणि मागचा रिक्षावाला आमच्या खानदानाचा उद्धार करायचा. बिस्किटाच्या पुड्याचा कागद चुरगळला की तबेल्याच्या कुठल्याही कोपऱ्यातून तुफान हजर.

चातुर्मासात लग्नं नसतात. तेव्हा घोडे जुन्या आगरात चरायला सोडायचे, ही सदानंदच्या वडिलांपासूनची पद्धत. चिखलडोंगरीच्या पुढे, खाडीला लागून, एक बंद पडलेलं मिठागर आहे. मीठ पिकवणारे केव्हाच गेले, बांध फुटले, भरतीचं पाणी मनाला येईल तसं आत-बाहेर करायला लागलं आणि मिठाच्या चौकोनी वाफ्यांत तिवरं उगवली. उरलेल्या बांधांवर हरळी माजते. एका अंगाला बोळिंजचे टॉवर दिसतात, दुसऱ्या अंगाला खाडी. मधे काही नाही.

"ह्या पट्ट्यात ही एकच जागा उरलीय बघ, जिचा कुणालाच काही उपयोग नाही," सदानंद म्हणायचा. "वर्षभर उपयोगी पडून पडून जनावर कंटाळतं. त्याला अशी जागा लागते."

"मग मलाही न्या एकदा. मीही कंटाळलेय."

"तुला पायबंद कोण घालणार?"

पायबंद म्हणजे पुढच्या दोन पायांना जोडून बांधलेली आखूड दोरी. तिनं घोड्याला चरता येतं, पळता येत नाही. सकाळी सोडायचे, संध्याकाळी आणायचे. सोबत बळीराम असायचा, सदानंदचा शाळेपासूनचा मित्र. राजोडीच्या किनाऱ्यावर तो मुलांना घोड्यावर बसवून फिरवायचा. त्याचे दोन घोडे आणि आमचे दोन, असे चौघे त्या वर्षी श्रावणापासून आगरात चरत होते. चांदणीला तेवढी मिरवणुकांची कामं होती, ती विसर्जन आटोपल्यावर जायची होती.

गौरी यायच्या आधी एका संध्याकाळी सदानंद तुफानचा पायबंद हातात घेऊन घरी आला. मी पोळ्या लाटत होते. त्यानं तो ओट्यावर ठेवला.

"काय म्हणशील ह्याला?"

दोन्ही फास जागच्या जागी होते. दोर तुटलेला नव्हता, गाठी सुटलेल्या नव्हत्या, त्या गाठींवर चिखल वाळून घट्ट झाला होता. मी मूठ वळून फासातून घालून पाहिली. मूठ जाईना. तुफानचा खूर माझ्या दोन मुठींएवढा.

"बळ्याची मस्करी," सदानंद म्हणाला आणि हसला. दुसऱ्या दिवशी बळीरामनं आईची शपथ घेतली, तरीही सदानंद हसला. नंतर बादलचा पायबंद तसाच सापडला, मग बळीरामच्या दोन्ही घोड्यांचे, आणि मोरख्याही, म्हणजे तोंडावर चढवतात त्या दोरीच्या जाळ्या, गाठीसकट बांधावर पडलेल्या. घोडे मात्र तिथेच होते. संध्याकाळी नवीन दोर लावून आणायचे, सकाळी परत सोडायचे. दोघांनाही त्याची सवय झाली.

मग एक दिवस सदानंदनं नाल आणले. चारही, तुफानचे.

इथे मात्र माझा कामधंदा मधे आला. रोज हजारो भांड्यांवरून बोट फिरवून ओरखडा शोधणारी बाई आहे मी. घोड्याला नाल ठोकतात तेव्हा खिळ्याचं टोक खुराच्या बाहेर येतं. नालबंद ते तोडतो आणि उरलेलं वळवून खुरावर दाबून बसवतो. नाल काढायचा तर आधी ते वळण सरळ करावं लागतं, नाहीतर खूर फाटतो. मी एकेक खिळा उजेडात धरून पाहिला. प्रत्येक खिळा नालातच होता आणि प्रत्येक खिळ्याचं टोक जसंच्या तसं वळलेलं होतं. कुठे पकडीचा ओरखडा नाही, ताण नाही.

"कुठे मिळाले?"

"वाफ्यात. चिखलात. पायाखाली असतात तसेच, दोन पुढे दोन मागे." त्यानं चारही नाल ओट्यावर तसेच मांडले. "म्हणजे तो उभा होता आणि मग नुसता निघून गेला, असं."

त्या रात्री जेवताना त्यानं कुठलीच नक्कल केली नाही.

विसर्जनाच्या मिरवणुकीत चांदणी ढोलताशांपुढे उभी राहून आली आणि दुसऱ्या दिवशी तीही आगरात गेली. त्या आठवड्यात सुट्टीच्या दिवशी मीही गेले. ऊन कडक होतं. ओहोटी लागलेली, वाफ्यांतलं पाणी उतरून चिखल चमकत होता, त्यावर निवट्या, म्हणजे चिखलातले बारके मासे, उड्या मारत होत्या. मिठाचा, कुजलेल्या पानांचा आणि तापलेल्या चिखलाचा वास इतका दाट होता की जीभ खारट झाली.

चारही घोडे एका बांधावर उभे होते. चरत नव्हते. चौघांची तोंडं खाडीकडे, कान पुढे रोखलेले. शेपटीसुद्धा हलत नव्हती, आणि डोळ्यांभोवती माशा बसल्या होत्या. चांदणी तेवढी त्यांच्या पलीकडे पाठ करून हरळी खात होती.

पुतळाबाई वाफ्यात चिंबोऱ्या धरत होती. जवळच्या पाड्यावरची म्हातारी, मी तिच्याकडून मासळी घेते. तिनं डोक्यावरून कानांवर फडकं घट्ट गुंडाळलं होतं. पलीकडे आणखी दोघी होत्या, त्यांचेही कान तसेच बांधलेले.

"बाय, कानाला फडका बांद," ती म्हणाली. "इकरं वारा लागतो."

"वारा कुठाय पुतळाबाई? पान हलत नाहीये."

तिनं तिवरांकडे पाहिलं. "लागतो," एवढंच म्हणून ती पुन्हा बिळात हात घालायला वळली.

मी पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढला आणि कागद चुरगळला. तुफाननं मान वळवली. मला वाटलं, आला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं. रस्त्यातल्या खांबाकडे पाहावं तसं. मग त्याची मान परत खाडीकडे गेली. त्याला राग आला असता, तो उधळला असता, तर मला इतकं वाईट वाटलं नसतं.

"ऐकलंस?" सदानंद अचानक म्हणाला.

"काय?"

"नाही. काही नाही."

मी बळीरामकडे पाहिलं. त्याची मान घोड्यांच्याच दिशेला कलली होती.

दसऱ्याच्या आधी चारही घोडे गेले. दिवसाढवळ्या. सदानंद आणि बळीराम बांधावर डबा खात होते, उठून पाहिलं तर घोडे नाहीत. खुरांचे ठसे वाफ्यात उतरले होते, नालाशिवायचे, सुबक. चिखल ओला होता, पुढे पसरलेला होता, त्यावर निवट्यांच्या शेपटीची रेघसुद्धा उमटत होती. घोड्यांचे ठसे मध्यावर संपले होते.

पोलिसांनी खाडीत वाहून गेले असं लिहून घेतलं. मीही आधी तेच म्हणत होते. मग एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर वाचत बसले. घोडा हा इकडचा प्राणीच नाही. कोकणात रानघोडा कधी नव्हता. परदेशात कुठे माळावर रानघोडे म्हणून दाखवतात, तेही बहुतेक कधीकाळी सुटलेल्या पाळीव घोड्यांचीच पिलावळ. म्हणजे तुफानला परत जायला रान असं नव्हतंच. त्याच्या आजाच्या पणज्यानंही ते पाहिलं नसणार. मग तो कुठे गेला, हा प्रश्न मी सदानंदला विचारला.

"जागा तीच असेल," तो म्हणाला. "गेला तो वेगळा असेल."

ह्यानंतर थोड्याच दिवसांत बळीराम गेला. त्याचे कपडे बांधावर मिळाले. शर्टाची सगळी बटणं गळ्यापर्यंत लावलेली होती. पँटचा पट्टा लावलेला. घड्याळाचा पट्टाही. आणि कपड्यांच्या आत, कमरेच्या जागी, त्याचा काळा करदोटा होता. लहानपणी आईनं बांधलेला, कातडीत रुतलेला, आंघोळीतही न निघणारा. गाठ शाबूत होती. अंग गळून जावं तसं सगळं पडलं होतं, पण अंग कुठेच नव्हतं. त्याची बायको तो करदोटा हातात धरून बसली होती आणि रडत नव्हती. मीही रडले नाही. मला माझ्या नवऱ्याचा विचार पडला होता, खोटं कशाला बोलू.

चांदणी मात्र रोज आगरातून परत यायची. सदानंद म्हणायचा, ही तेवढी इमानी. हल्ली हाकेला ओ देत नाही, पण जोडीदार गेल्यावर जनावर मुकं होतंच. एका सकाळी मी तिला खरारा करत होते. कानाच्या मुळाशी हात गेला आणि बोटाला आत काहीतरी टणक लागलं. तेलकट, काळपट. विसर्जनाचा बोळा. दोरा सदानंदनं ओढला होता, दोरा हातात आला होता, कापूस आतच राहिला होता. दुसऱ्या कानातही तसंच. घाईत त्यानं दोरे पाहिले आणि बोळे निघाले असं धरून चालला.

मी हात मागे घेतला. माझ्या मागे सदानंद उभा होता. त्यालाही कळलं.

"काढ," तो म्हणाला.

"नाही."

"विनू, तिला ऐकू दे ना."

"काय ऐकू दे? काय आहे तिथे? बळीभाऊजींना काय ऐकू आलं?"

हा माणूस विचार करून बोलतोय हे मी पहिल्यांदाच पाहत होते. "हाक नसते गं ती," तो म्हणाला. "तीच तर गंमत. कुणीच बोलावत नाही. आपण जन्मलो तेव्हापासून सारखं कुणीतरी बोलावतच असतं ना? ते थांबतं. बस्स."

"मी बोलावते ना तुम्हाला."

"हो," तो म्हणाला. "तू बोलावतेस."

तेवढं एक वाक्य त्या दिवसांत मला खरोखर लागलं, बाकी सगळं काचेपलीकडून चालल्यासारखं होतं. मी तिचे कान मोकळे केले नाहीत. जुने काढून लगेच नवे घातले, आधी एक कान, मग दुसरा. पहिला कान उघडा होता तेवढ्यात चांदणीची मान झटक्यात पश्चिमेकडे वळली आणि तिच्या कातडीवरून थरथर गेली. मी बोळा बसवला. थरथर थांबली.

त्या दिवसापासून तिला बाहेर सोडणं बंद केलं. सदानंद मात्र घोडे नसतानाही आगरात जायचा. घरी आल्यावर पायरीशी उभा राहायचा, मी या म्हटल्यावर आत यायचा. मग या म्हटल्यावरही जरा उशिरा. एकदा न्हाणीघर धुताना मला त्याचा करदोटा सापडला, फरशीवर, गोल, गाठीसकट. मी तो उचलून देवापुढे ठेवला. त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं माझ्याकडे तुफाननं पाहिलं तसं पाहिलं असतं, अशी मला भीती होती.

पुढची सुट्टी आली. दुपारी जागी झाले तर तो घरात नव्हता. मी रिक्षा करून आगरात गेले.

ओहोटी होती. आगराच्या टॉवरकडच्या टोकाला डंपर भराव टाकत होते, विटांचे तुकडे, तुटक्या फरशा. कामगार बिडी ओढत होते. पुतळाबाई बांधावर होती. तिनं मला पाहिलं आणि वाफ्याकडे हात केला.

तो वाफ्याच्या मध्यावर पोचला होता. चपला बांधावर होत्या, जोडीनं. शर्ट थोडा पुढे, बटणं लावलेला.

मी कारखान्यातले बोळे पर्समध्ये ठेवते, स्पंजचे, पिवळे. ते मुठीत घेतले आणि चिखलात उतरले.

"अहो!"

चिखल गुडघ्यापर्यंत येत होता. त्याच्या पायांना मात्र तो घोट्यापर्यंतच लागत होता.

"अहो, थांबा!"

त्यानं मान वळवली. माझ्याकडे पाहिलं. माझ्या हाताकडे पाहिलं.

त्याला मी कोण ते ठाऊक नव्हतं.

त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, वेडसरपणा नव्हता, दुःख नव्हतं. इतका मोकळा चेहरा मी लग्नाच्या दिवशीसुद्धा पाहिला नव्हता. तो सुंदर दिसत होता, आणि त्यात माझ्यासाठी काहीही नव्हतं.

त्यानं पाऊल उचललं.

मी त्याचं डोकं छातीशी धरलं. अंग उष्ण होतं, कातडी थरथरत होती. एक बोळा दाबून त्याच्या कानात बसवला. त्यानं जोरानं मान झटकली, माझा ओठ फुटला.

मग दुसरा कान.

थरथर थांबली.

तो उभा राहिला. मी सोडलं तरी उभा राहिला. मी हात धरून वळले, तो वळला. मी थांबले, तो थांबला. बांधावर येईपर्यंत त्याच्या पायांना चिखल गुडघ्यापर्यंत लागायला लागला होता. पुतळाबाईनं फडक्याचं टोक माझ्या ओठाला लावलं. "नेस ना घरी," ती म्हणाली. "परत नको आनू." आणि आमच्याकडे पाठ करून बसली.

ह्याला आता वर्ष झालं. लोकांना मी सांगते, मित्र गेल्याचा धक्का बसला. डॉक्टरही तेच म्हणाले, गोळ्या दिल्या. सदानंद घरी असतो. ताटात वाढलं की जेवतो. उठा म्हटलं की उठतो, म्हणजे मी खांद्याला हात लावला की उठतो. गात नाही. डाळ उडत नाही. शेजारच्या बायका म्हणतात, किती शांत झाले हो भाऊजी, नशीब काढलंस. मला नवरा हवा होता आणि नवरा माझ्याजवळ आहे. ह्यात आनंद वाटायला हवा की लाज, ते मी बरेच दिवस शोधलं. काहीच वाटत नाही. कधीकधी स्वयंपाक करताना वाटतं, त्यानं एकदा तरी फुरफुरावं, आणि मग भात करपतो.

आगर बुजवून झालं. तिवरं तोडली, भराव टाकला, वर टॉवरचा मोठा फलक लागला, त्यात हिरवळीवर मुलं खेळताहेत. मला वाटलं होतं, जागाच राहिली नाही तर संपेल. पण दर रविवारी मी सदानंदचे बोळे, आता कापसाचेच, बदलते तेव्हा एक कान क्षणभर उघडा राहतो, आणि त्याची मान पश्चिमेकडे वळते. त्याच क्षणी शेजारच्या तबेल्यात चांदणीचे खूर वाजतात. ती बंद कानांनी वळते. एका वेळी एकच कान, हा माझा नियम आहे. दोन्ही एकदम कधी उघडायचे नाहीत.

माझ्या उजव्या हातात सासूबाईंची पाटली आहे. लग्नात त्यांनी साबण लावून चढवली होती. तेव्हा माझी मनगटं बारीक होती. आता ती निघत नाही. कारखान्यात मशीनजवळ दागिने चालत नाहीत म्हणून दोनदा सोनाराकडे गेले, तो म्हणाला कापावी लागेल, मी परत आले. पाटलीवर चिकटपट्टी गुंडाळून काम करते.

आज सकाळी जाग आली तेव्हा उजवा हात हलका वाटला. खिडकीतून ऊन आलं होतं. पाटली उशीवर पडली होती, चिकटपट्टीसकट. कापलेली नव्हती, वाकलेली नव्हती. मी ती हातात घालून पाहिली. बोटांच्या पेरांवरच अडकली. खूप दिवसांनी मला फार हलकं, फार बरं वाटत होतं, आणि कुणीही बोलावत नव्हतं.

मी मान वळवली. सदानंद माझ्या शेजारी उठून बसला होता. त्याच्या दोन्ही कानांतून लाल दोरे बाहेर आले होते, बोळे जागच्या जागी होते. मांडीवर कापसाचं पुडकं आणि खोबरेल तेलाची बाटली होती. त्यानं एका हातानं माझं डोकं हळूच उशीवर दाबून धरलं. दुसऱ्या हातात नुकताच वळलेला बोळा होता.